मुका मार

माणूस पडला की अंगावर दोन तऱ्हेच्या खुणा राहतात. एक उघडी जखम, ती कुणालाही दिसते. दुसरा मुका मार: कातडी शाबूत, रक्ताचा थेंब नाही, पण हात वर उचलला की कळ येते. जुन्या साउंड कार्डांच्या दुरुस्तीत दोन्ही भेटतात. दुसरा भेटला की कार्डही मुकंच झालेलं असतं, हा आपल्या भाषेने आधीच करून ठेवलेला विनोद.

इथे समोर धरलंय ते साउंड ब्लास्टर १६. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये आणलं आणि हे सोळा बिटांचं १९९२ मध्ये. आपल्याकडे त्या दशकात ‘मल्टिमीडिया किट’ नावाच्या खोक्यात सीडी ड्राइव्ह, दोन प्लॅस्टिकचे स्पीकर आणि एक साउंड कार्ड मिळायचं. त्यातली काही कार्डं अस्सल होती, बरीचशी त्याच वळणावर बनलेली. पहिल्या मॉडेलचा, म्हणजे सीटी-१७४० चा नकाशा डोक्यात असला की बाकीची समजायला वेळ लागत नाही. मदरबोर्डाच्या बसशी, म्हणजे कार्डांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्याशी, बोलणारी एक चिप, हुकूम घेणारा आणि डिजिटल आवाज हाताळणारा डीएसपी, सगळे आवाज एकत्र करणारा सीटी-१७४५ मिक्सर, एफएमची, म्हणजे चिपमध्येच सूर घडवून वाजणाऱ्या संगीताची, यामाहाची वायएमएफ-२६२ आणि शेवटी स्पीकर हलवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. प्रत्येक जण वेगळ्या घरात राहतो. म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्यापासून वेगळं काढता येतं.

कार्डाला मार लागतो तो बहुतेक वेळा पोत्यात. भंगारात कार्डं उभी-आडवी कोंबली जातात, एकाचा लोखंडी पत्रा (केबिनेटला स्क्रूने आवळायची पट्टी) दुसऱ्याच्या पाठीवर घासतो, उंच कपॅसिटर आडवे होतात, काठावरचे इवले चिप कपॅसिटर टिकली निघावी तसे निघून जातात. दुसरी जागा म्हणजे स्पीकरची वायर. पाय अडकून ती ओढली गेली की तो सगळा झटका ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर आणि त्याच्या चार-पाच डागांवर येतो. तिसरी तऱ्हा, कार्ड हातातून फरशीवर पडणं. या तिसऱ्या तऱ्हेत वरून काहीच दिसत नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं की मार लागलेल्या कार्डावर लोक म्हातारपणाचे उपचार करतात. कार्ड तीस वर्षांचं आहे, आवाज येत नाही, मग सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाका. मला हा सल्ला पटत नाही. म्हातारपण कार्डभर सारखं पसरलेलं असतं. मार एका जागी असतो. जिथे घासलं, जिथे वाकलं, तिथेच शोधायचं. आणि तीस कपॅसिटर उपटताना ज्या दोन-चार पॅडी, म्हणजे भाग डागायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडतात त्या कार्डाला लागलेल्या मूळ मारापेक्षा वाईट. एक प्रकार मात्र सोडून द्यावा: सोनं काढण्यासाठी ज्याची बोटंच, म्हणजे स्लॉटमध्ये जाणाऱ्या काठावरच्या सोनेरी पट्ट्याच, कापून नेली आहेत असं कार्ड. ते सुट्या भागांसाठी ठेवावं. क्रिस्टल, जॅक, व्हॉल्यूमचं चाक, अगदी त्याचा पत्रासुद्धा पुढे कामाला येतो.

पहिलं काम डोळ्यांचं. कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुऊन कोरडं करावं, कारण धुळीचा थर खरचटलेल्या तांब्याला हुबेहूब झाकतो. मग खोलीतला दिवा घालवून टॉर्च अगदी आडवा धरावा, बोर्डाला जवळजवळ समांतर. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारी रेघ तिरक्या उजेडात सावली टाकते. हिरवा थर नुसता खरवडलाय की खालचं तांबंही तुटलंय, ते दहापट भिंगाखाली कळतं: शाबूत तांबं रेघेतही सलग चमकतं, तुटलेल्यात मध्ये फिकट फायबर दिसतं. कोकणात किंवा मुंबईत दोन-चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या कार्डाच्या ओरखड्यात हिरवट काळा गंज बसलेला असतो. तिथे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, दिसतो सलग, पण असतो खाल्लेला. दोन थरांचं कार्ड असेल तर टॉर्च पाठीमागे धरून आरपार पाहता येतं. आत तांब्याचे सलग थर असलेल्या चार थरांच्या कार्डातून उजेड येत नाही.

मग मोठ्या चिपांचे पाय. दोन पायांतलं अंतर एक मिलिमीटरहून कमी. कोपऱ्यावर ठोका बसला की तीन-चार पाय एका बाजूला लवतात आणि शेजाऱ्याला टेकतात. असे पाय धातूच्या चिमट्याने सरळ करू नयेत, लाकडी टूथपिकने हळू लोटावेत. एकदा वाकलेला पाय एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा बहुधा तुटतो.

वीज देण्याआधी मल्टिमीटर. आयसा (आयएसए) या जुन्या पीसींच्या बसची बोटं ओळखायला सोपी आहेत, कारण १९८१ च्या आयबीएम पीसीपासून तिचा नकाशा छापील स्वरूपात उपलब्ध आहे. कार्डाची सुटे भाग असलेली बाजू ‘ए’, पाठ ‘बी’. क्रमांक पत्र्याच्या टोकाकडून सुरू होतात. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीने पुढे जोडलेला तुकडा म्हणजे ‘सी’ आणि ‘डी’. बी-१, बी-१० आणि बी-३१ ही ग्राउंड. बी-३ आणि बी-२९ वर पाच व्होल्ट, बी-९ वर बारा, बी-७ वर उणे बारा, बी-५ वर उणे पाच. मीटर ओहमवर ठेवून ग्राउंड आणि प्रत्येक पुरवठ्यामध्ये मोजावं. शेकडो ओहम किंवा जास्त दिसलं तर पुढे जावं. एक-दोन ओहम दिसलं तर कार्ड स्लॉटमध्ये घालायचं नाही. कुठे तरी शॉर्ट आहे, आणि मार लागलेल्या कार्डात तो बहुधा तडकलेल्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये असतो. बाहेरच्या सप्लायने त्याच तारेवर एक व्होल्ट द्यावा, करंट अर्ध्या अँपिअरला बांधावा आणि बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर पुसावा. शॉर्ट असलेल्या भागावरचा थर सगळ्यांत आधी वाळतो. गुन्हेगार आपणहून कोरडा पडतो.

आता मदरबोर्ड. घरातला एकमेव चांगला जुना ४८६ संगणक या कामाला लावू नये. कुठलाही आयसा स्लॉट असलेला जुना बोर्ड पुरे. फ्लॉपीवरून साधा डॉस सुरू करायचा, कुठलाही ड्रायव्हर न चढवता. आणि एक लक्षात ठेवायचं: नंतरची प्लग-अँड-प्ले, म्हणजे सॉफ्टवेअरने पत्ता मिळणारी, कार्डं क्रिएटिव्हचा सीटीसीएम हा प्रोग्रॅम चालवल्याशिवाय बहुधा आपला पत्ताच सांगत नाहीत. ती गप्प बसली तर तो मार नव्हे, तो स्वभाव. जम्परवाल्या, म्हणजे पिनांवरच्या चिमुकल्या टोप्यांनी पत्ता ठरणाऱ्या, कार्डाचं तसं नसतं. वीज मिळाली की ते २२० या पत्त्यावर हजर असतं.

इथून पुढचा भाग मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. डॉसमधला डीबग हा प्रोग्रॅम उघडावा, त्यातून पोर्टांशी थेट बोलता येतं. २२६ या पोर्टवर १ लिहावा, मग ०, आणि २२ए हा पोर्ट वाचावा. तीन ओळी: ‘ओ २२६ १’, ‘ओ २२६ ०’, ‘आय २२ए’, अर्थात रोमन लिपीत. डीएसपी जिवंत असेल तर उत्तर येतं एए (सोळाच्या पद्धतीतला आकडा, ज्यात नऊनंतर ए ते एफ येतात). कार्ड अजिबात ऐकत नसेल तर एफएफ, म्हणजे पलीकडे कुणी नाही.

पण खरी माहिती या दोन्हींच्या मधल्या उत्तरांत असते. एए म्हणजे दोनच्या भाषेत १०१०१०१०, प्रत्येक आकडा एका डेटा तारेचा, उजवीकडून शून्यापासून मोजायचा. बहुतेक मदरबोर्डांवर डेटाच्या तारांना वर ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टर असतात, म्हणून तुटलेली तार वाचताना एक दिसते. आता समजा सहा क्रमांकाची डेटा तार तुटली आहे. तिथे शून्य यायला हवं होतं, आलं एक, आणि उत्तर झालं ईए. चौथी तुटली तर बीए. दुसरी तुटली तर एई. डेटाच्या तारा ए-२ पासून ए-९ पर्यंत उलट्या क्रमाने आहेत, सातवी ए-२ वर आणि शून्यावी ए-९ वर. तेव्हा ईए दिसलं की थेट ए-३ या बोटापासून निघणारा ट्रॅक भिंगाखाली घ्यायचा, बीए असेल तर ए-५, एई असेल तर ए-७. कार्ड चुकीचं उत्तर देता देता स्वतःच्या जखमेचा पत्ता देतं.

शून्यावी तार तुटली तर मात्र गंमत वेगळी. रीसेटसाठी लिहिलेला १ आणि ० दोन्ही याच तारेवरून जातात, आणि कार्डाला शून्य बहुधा दिसतच नाही. ते रीसेटमध्येच अडकून राहतं आणि एए कधी येत नाही. उरल्या विषम तारा. त्यांच्या जागी एए मध्ये मुळातच एक आहे, त्यामुळे त्या तुटल्या तरी उत्तर बरोबर दिसतं. तिथे पुढचा प्रश्न विचारावा: २२सी वर ई१ लिहावं आणि २२ए दोनदा वाचावं. ही डीएसपीची आवृत्ती. साउंड ब्लास्टर १६ पहिल्यांदा ४ सांगतं, दुसऱ्यांदा ५, ११, १२ किंवा १३, पडद्यावर अर्थात सोळाच्या पद्धतीत: ०५, ०बी, ०सी किंवा ०डी. पहिलं उत्तर ०४ ऐवजी ८४ आलं तर सातवी तार गेली आहे, २४ आलं तर पाचवी. पहिली तार तुटलेली असेल तर ई१ हा हुकूम कार्डापर्यंत पोचताना ई३ होतो, आणि ई३ म्हणजे कॉपीराइटची ओळ सांग. विचारलेली असते आवृत्ती आणि कार्ड ४३ म्हणतं, जो रोमन ‘सी’ अक्षराचा संकेत आहे. चार तास डोकं फोडून न सापडणारी गोष्ट अशा एका आकड्यात सापडते.

सातव्या तारेचं दुखणं फसवं असतं, ते सांगायलाच हवं. हाताने विचारलं तर एए बरोबर येतो, आणि कुठलाही खेळ किंवा प्रोग्रॅम म्हणतो कार्ड सापडत नाही किंवा सरळ गोठतो. कारण २२सी चा सर्वांत वरचा बिट म्हणजे ‘मी कामात आहे, थांब’. तार तुटलेली, बिट कायम एक, प्रोग्रॅम कायम थांबलेला. अशा वेळी लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

कार्ड ओळखलं जातंय पण आवाज नाही, ही पुढची पायरी. इथे आयसाच्या मांडणीतली एक गोष्ट उपयोगी पडते. ए बाजूला डेटा आणि पत्ते. बी बाजूला वीज, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार), डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून डेटा आणायची सोय) आणि घड्याळ. ट्रॅक पुढे भोकांतून इकडचे तिकडे जातात हे खरं, पण बोटांपुरतं आणि त्यांच्या वरच्या दोनेक सेंटिमीटरपुरतं हे वाटप बऱ्यापैकी पाळलं जातं. म्हणून पोत्यात पाठ घासलेलं कार्ड एए म्हणतं, आवृत्ती सांगतं, आणि तरी गात नाही.

लक्षणं वेगळी ओळखता येतात. इंटरप्ट ५ ची तार बी-२३ वर आहे. ती तुटली तर डिजिटल आवाजाचा पहिला तुकडा वाजतो आणि मग एकतर शांतता, नाहीतर तोच तुकडा तबकडी अडकल्यासारखा पुन्हापुन्हा. डीएसपी ‘संपलं, पुढचं दे’ म्हणून हाक मारतो आणि ती प्रोसेसरपर्यंत जात नाही. डीएमए १ ची जोडी, बी-१७ आणि बी-१८, तुटली तर तो पहिला तुकडाही वाजत नाही. एफएम मात्र व्यवस्थित चालतं, कारण त्याला डीएमए लागत नाही. आठ बिटांचा आवाज स्वच्छ आणि सोळा बिटांचा नुसता खरखराट असेल तर पुढच्या तुकड्यावर जावं: सी-११ ते सी-१८ या वरच्या आठ डेटा तारा. सोळा बिटांचा आवाज सुरूच होत नसेल तर डीएमए ५ ची जोडी, डी-१० आणि डी-११. क्रिएटिव्हच्या ‘डायग्नोज’ या प्रोग्रॅममध्ये आठ आणि सोळा बिटांची चाचणी वेगवेगळी होते. ती याच क्रमाने ऐकावी. अट एवढीच की डॉसमध्ये कार्डाची मांडणी सांगणाऱ्या ब्लास्टर नावाच्या ओळीत जम्परांप्रमाणेच आकडे असावेत: ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. जम्पर पोत्यात गळून पडलेले असतात, हेही मारातच धरा.

एफएम गप्प आणि बाकी सगळं ठीक, ही तक्रार दोन जागी उगम पावते आणि त्या वेगळ्या करायला सोपी युक्ती आहे. अनेक कार्डांवर वायएमएफ-२६२ चं १४.३१८ मेगाहर्ट्झचं घड्याळ बसच्या बी-३० या बोटावरून येतं. खेळ अ‍ॅडलिब (एफएमचं जुनं कार्ड, ज्याची भाषा ही चिप बोलते) शोधतात ते ३८८ या पोर्टवर चिपमधला टायमर चालवून. घड्याळ नसेल तर टायमर चालणार नाही आणि खेळ म्हणेल अ‍ॅडलिब नाही. खेळाला अ‍ॅडलिब सापडतं आणि तरी सूर येत नाही, तर घड्याळ ठीक आहे; मग दुखणं पुढे आहे, यामाहाच्याच छोट्या वायएसी-५१२ डीएसीमध्ये (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमध्ये) किंवा तिथून मिक्सरपर्यंतच्या कपॅसिटर-रेझिस्टरांमध्ये.

सगळंच गप्प असेल, एफएम, डिजिटल, सीडी, तर चिपांच्या नादी न लागता वीज मोजावी. बऱ्याच कार्डांवर आवाजाच्या भागाला मदरबोर्डाचे पाच व्होल्ट मिळत नाहीत. बी-९ वरचे बारा व्होल्ट ७८०५ जातीच्या रेग्युलेटरमधून जाऊन वेगळे, स्वच्छ पाच व्होल्ट तयार होतात. बी-९ च्या बोटावर एक ओरखडा आणि कार्ड पूर्ण मुकं, पण डीबगला मात्र एए म्हणत राहतं. रेग्युलेटरच्या तिसऱ्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. अ‍ॅम्प्लिफायर टीडीए-१५१७पी असेल तर सातव्या पायावर बारा आणि चौथ्या-सहाव्यावर त्याच्या निम्मे, सहाच्या आसपास. एका बाहेर येणाऱ्या पायावर सहा आणि दुसऱ्यावर शून्य किंवा बारा, तर चिपचा तो अर्धा भाग मेला. दोन्हीवर सहा आणि तरी स्पीकर गप्प, तर चिप निर्दोष आहे. तिच्यापुढचा मोठा इलेक्ट्रोलिटिक, साधारण २२० ते ४७० मायक्रोफॅरॅडचा, आडवा होताना आपली पॅडी घेऊन उठला आहे का ते पाहावं. बहुधा तेच असतं. कार्डावर सर्वांत उंच तोच, म्हणून पहिला फटका त्यालाच.

मधला रस्ता शोधायला सीडीचं चार पायांचं सॉकेट कामाचं आहे. मोबाइलवर एक सलग सूर लावावा, आवाज अगदी कमी ठेवावा, आणि तो तिथे द्यावा. मिक्सरमध्ये सीडीचा आवाज आधी उघडायला विसरू नये. सूर बाहेर आला तर मिक्सरपासून जॅकपर्यंत सगळं ठीक. नाही आला तर दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून त्याच्या टोकाने मिक्सरपासून जॅकपर्यंत एकेक डाग चाचपावा. जिथे सूर असतो आणि पुढच्या डागावर नसतो, तिथेच तुटलं.

निघून गेलेल्या भागांचं काय करायचं, हा प्रश्न सर्वांना सर्वांत अवघड वाटतो. सर्किट डायग्रॅम नाही, भाग नाही, रिकाम्या दोन पॅडी तेवढ्या उरल्यात. पण स्टिरिओ कार्डात जवळजवळ प्रत्येक गोष्टीला जुळं भावंड असतं. डावीकडचं गेलं तर उजवीकडचं शोधावं, ते बहुधा काही मिलिमीटरवर आरशात पाहिल्यासारखं बसलेलं असतं; त्याची किंमत वाचावी किंवा एक पाय उचलून मोजावी. जॉयस्टिकच्या पोर्टाशी तर जुळं नव्हे, चौळं असतं: चार अक्षांसाठी चार सारखे रेझिस्टर, चार सारखे कपॅसिटर. आणि रिकाम्या जागेची एक पॅडी ग्राउंडला, दुसरी पाच व्होल्टला बीप देत असेल तर विचार करायचंच कारण नाही, तो चिपचा पुरवठा स्थिर ठेवणारा, तिच्या शेजारचा डीकपलिंग कपॅसिटर होता, ०.१ मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट, एक्स७आर जातीचा लावून टाकावा. असे पाच-सहांपैकी एखादा नसेल तरी कार्ड चालतं, पण डीएसपीच्या अगदी शेजारचा गेला असेल तर ते चालता चालता अधूनमधून अडखळतं, आणि तेव्हा सगळा संशय मदरबोर्डावर जातो. हे सगळं लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. माप तेवढं, ०८०५ की १२०६, जुन्या पॅडीवरून घेऊन जावं.

तुटलेला ट्रॅक जोडायला हात लागतो, हत्यार फारसं नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर हिरवा थर ब्लेडच्या टोकाने हळू खरवडावा, तांबं गुलाबी चमकेपर्यंत. फ्लक्स लावून दोन्ही टोकांना पातळ टिन चढवावं. ०.१ ते ०.२ मिलिमीटरची इनॅमल तार, टोकांचं इनॅमल काढून, आधी एका बाजूला डाग देऊन बसवावी, मग ओढून दुसऱ्या. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवून दोन-तीन सेकंदांत डाग व्हायला हवा. नाही झाला तर तापमान वाढवू नका, फ्लक्स वाढवा. ग्राउंडच्या मोठ्या पट्ट्यावर मात्र उलट: तिथे तांबं उष्णता पिऊन टाकतं, म्हणून टोकच जाड घ्यावं. वरून नेलपॉलिशचा एक हात. त्याचा लाल रंग नंतर शोधायलाही बरा.

बोटच उखडलं असेल तर काम नाजूक. नुसती चिकट तांब्याची पट्टी मी सुचवणार नाही. डाग देताना तिचा गोंद मऊ पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा कार्ड घालताना ती स्लॉटमध्येच दुमडून राहते, आता स्लॉटही गेला. त्यापेक्षा मेलेल्या कार्डाचं एक बोट ब्लेड आणि गरम टोकाने उचलावं, नव्या जागी दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवून चोवीस तास दाबून ठेवावं. जुन्या बोटांवर स्लॉटची जीभ जिथे घासते तिथे बारीक रेघ पडलेली असते. सोल्डरचा जोड त्या रेघेच्या वरच्या अंगाला द्यावा, रेघेवर थेंबही नको, कारण तिथे जाडी वाढली की शेजारची बोटं टेकत नाहीत. शाबूत बोटं साफ करायला अल्कोहोल आणि कापड. मळ हटत नसेल तर पेन्सिलचा मऊ पांढरा खोडरबर एक-दोनदा. शाईचा खरखरीत खोडरबर सोनंही पुसतो.

आणि आता खरा मुका मार. क्रिस्टल, म्हणजे चिपांना घड्याळाचे ठोके देणारा भाग. चकचकीत धातूच्या डबीत क्वार्ट्झची पातळ चकती टांगलेली असते. कार्ड फरशीवर पडलं की ती तडकते आणि डबीवर पोचा नसतो. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोब दहापटीवर ठेवूनच बघावं, एकपटीवरचा प्रोब स्वतःच्या कपॅसिटन्सने चांगलं क्रिस्टलही थांबवतो आणि निर्दोषाला फाशी होते. स्कोप नसेल तर त्याच आकड्याचं दुसरं लावून बघणं हीच तपासणी. दुसरा मुका मार ड्राय सोल्डर: जॅक, व्हॉल्यूमचं चाक, पंधरा पायांचं जॉयस्टिकचं सॉकेट यांच्या डागांत पायाभोवती केसाइतकी गोल चीर. ती वरून दिसत नाही, पण पिन हलवली की आवाज येतो-जातो. नुसतं टोक टेकवून पुन्हा वितळवणं पुरत नाही. जुनं सोल्डर ‘विक’ने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या वातीने, काढून नवं भरावं, नाहीतर ऑक्साइड आतच राहतो आणि महिनाभरात चीर परत येते. जॅकच्या आत एक पातळ पानही असतं, ज्याला पिन घातल्यावर सरकायचं असतं. ते वाकलं की पिन घातल्यावर एकच बाजू वाजते, आणि तिथे डाग कितीही सुंदर दिला तरी उपयोग नाही, जॅक बदलायचा.

तिसरा, आणि सर्वांत छळणारा, तडकलेला सिरॅमिक. बोर्ड वाकला की तो आडवा चिरतो, थंडीत चालतो, तापला की सुटतो. पेन्सिलच्या मागच्या टोकाने कार्ड चालू असताना हलकेच टकटक करावं, बोर्डाचा कोपरा अगदी किंचित दाबावा. आवाज जिथे बदलतो त्या भोवतीचे दोन-तीन कपॅसिटर सरळ बदलावेत. मोजून ते पकडले जात नाहीत, कारण मोजताना बोर्ड सरळ असतो.

काही दुखणी मारातली नव्हेत, ती जन्माची आहेत, आणि त्यांच्यामागे लागू नये. डीएसपी ४.११ ते ४.१३ च्या अनेक कार्डांवर मिडीचा सूर मध्येच अडकून लांबत राहतो, खेळात डिजिटल आवाज चालू असताना. हा चिपमधला दोष, डाग देऊन जात नाही. डिजिटल आवाजाच्या तुकड्यांमध्ये बारीक टिकटिक, तीही तिथलीच. शांततेतली सूक्ष्म फुसफुस तर या पिढीच्या बहुतेक कार्डांना.

सगळं जुळल्यावर कार्ड केबिनेटमध्ये बसवताना आणखी एक सापळा आहे. पोत्यात वाकलेला पत्रा नव्या घरात स्क्रूने आवळला की कार्डाला मागे ओढतो आणि पुढचं टोक स्लॉटमधून एखाद्या मिलिमीटरने उठतं. उठतं कुठलं टोक, तर पत्र्यापासून लांबचं, जिथे सी आणि डी ची बोटं आहेत. टेबलावर नीट गाणारं कार्ड केबिनेटमध्ये आठ बिटांत गातं आणि सोळा बिटांत खरखरतं, आणि माणूस पुन्हा भिंग घेऊन सी-११ पासून सुरुवात करतो. स्क्रू आधी न लावता कार्ड दाबून बसवावं, पत्र्याचं वरचं भोक केबिनेटच्या भोकावर आपणहून येतं का ते पाहावं. येत नसेल तर पत्रा काढून पक्कडीने सरळ करावा. मगच स्क्रू, आणि स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा मशीन चालू करून सोळा बिटांची चाचणी.